अंबूबाईचा वाट चुकलेला भाऊ

गोष्टीतला निवेदक म्हणजे कोण, हे मला कुणीही झोपेतून उठवून विचारावं. व्याख्या तोंडपाठ आहे, जन्मभर तीच शिकवून पोट भरलं. पण फळ्यावर तो शब्द लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं पुस्तक येत नाही. वडगावच्या विणकर गल्लीतली अंबूबाई येते, मांडीवर सुताची लड घेऊन बसलेली, कपाळाला आठ्या घातलेली. ती आता नाही. तिच्यावर कुणी चार ओळी लिहिणार नाही हेही मला ठाऊक आहे, म्हणून मीच लिहिते आहे.

मी तेव्हा बेळगावात मुलींच्या एका शाळेत शिकवत होते. शहरातल्या काही शिकलेल्या बायकांच्या मनात आलं की वडगाव-शहापूरच्या विणकर बायकांसाठी दुपारचा एक वर्ग काढावा. मनात येणं त्यांचं आणि ऊन सोसत जाणं माझं, असं काम वाटलं गेलं. मी कुरकुर खूप केली आणि गेले. त्या वयात आपल्यावाचून जगाचं अडलंय असं वाटत असतं.

वर्ग भरायचा तो अंबूबाईच्या पडवीत. आत तिच्या नवऱ्याचा, सुबरावांचा, माग चालायचा. पडवीत दहा-बारा बायका पाट्या घेऊन बसायच्या. हात मोकळे ठेवायची कुणाला सवय नव्हती, त्यामुळं पाटी मांडीवर आणि रहाट शेजारी. एक अक्षर गिरवायचं, सुताच्या दोन कांड्या भरायच्या. सुताचा बारीक कापूस उन्हाच्या तिरिपीत तरंगत असायचा, आतून मागाचा खटक-खटक एकसारखा ठेका, आणि जेवणं झालेली. तासाभरात अर्धा वर्ग पेंगायला लागे. मला राग यायचा, मग मलाही जांभई यायची.

बाराखडी झाली, जोडाक्षरं झाली. आता यांना गोष्ट वाचून दाखवू म्हणजे गोडी लागेल, असं मनात धरून मी एका दुपारी गोष्टींचं पुस्तक नेलं. पहिलं पान उघडून "एका गावात" एवढं म्हणते तोच अंबूबाई ओरडली.

"ओ बाई! मिटा, मिटा ते!"

मला वाटलं विंचू निघाला. "काय झालं?"

"दिवसाची गोष्ट सांगत न्हाईत."

"का?"

"मामा वाट चुकतो."

मी हसले. हसणारी मी एकटीच होते. बाकीच्या बायका पाट्या खाली ठेवून माझ्याकडं बघत होत्या. गोष्ट ही दिवेलागणीनंतरची चीज. दिवसा सांगितली तर पोरांचा मामा, म्हणजे आपला भाऊ, रस्ता चुकतो आणि घरी पोचत नाही, हे त्यांच्या लेखी सूर्य उगवण्याइतकं साधं होतं. त्या पडवीतल्या प्रत्येकीचा भाऊ कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर होता. कुणाचा निपाणीला तंबाखूच्या गाड्या हाकत होता, कुणाचा गोव्याकडं मीठ आणायला गेला होता. माझ्या एका पुस्तकापायी आपला भाऊ रानोमाळ फिरवायची कुणाचीच तयारी नव्हती.

तेवढ्यात खांबाशी बसलेली एक तरुण बाई उठून आत गेली. तिच्या हातातली कांडी घरंगळत माझ्या पायाशी आली. ती जयाबाई, अंबूबाईच्या भावाची बायको. ती का उठली ते मला वर्ग सुटल्यावर शेजारणीनं सांगितलं.

अंबूबाईला एकुलता एक धाकटा भाऊ, गुंडू. आईबाप लवकर गेले, म्हणून तिनंच त्याला वाढवलेला. लग्नही तिनंच लावून दिलं. मोठी लढाई लागली तेव्हा पलटणीमागं खेचरं हाकायला माणसं हवी होती, आणि गुंडूचा पाय घरात कधीच ठरत नसे. नवीन बायकोला बहिणीच्या दारात आणून तो म्हणाला, "आक्का, मी येस्तवर हिला बघ," आणि आगबोटीत बसून समुद्रापार बसऱ्याला गेला. पुढच्या उन्हाळ्यात अंबूबाईची लहान लेक मालू तापानं फणफणली होती. भर दुपारी ती गोष्टीसाठी हट्ट धरून बसली, रडून रडून तिनं जीव अर्धा केला. अंबूबाईनं तिला मांडीवर घेतलं आणि गोष्ट सांगितली. मालू बरी झाली. गुंडूची खबर मात्र त्यानंतर कधीच आली नाही. लढाई संपली, गेलेले लोक परतले. त्यातला एक जण म्हणाला, नदीकाठच्या तंबूत आजारी पडलेला पाहिला होता, पुढचं ठाऊक नाही. सुबराव छावणीतल्या कचेरीत विचारून आले, तर तिथं 'बेपत्ता' एवढाच शब्द मिळाला.

त्या शब्दाचा अर्थ अंबूबाईनं आपल्या परीनं लावला होता. तिनं दिवसा गोष्ट सांगितली आणि मालूचा मामा वाट चुकला. तो मेलेला नव्हता, फक्त चुकलेला होता.

हे कळल्यावर मी ते पुस्तक पुन्हा तिथं नेलं नाही. पण माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. गोष्ट सांगायची नाही ना? ठीक आहे. मी गोष्ट न सांगता गोष्टीबद्दल शिकवायचं ठरवलं. माग सुटा करून त्याचे भाग पोरीला दाखवतात, कापड विणत नाहीत, तसं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "गोष्टीत माणसं असतात, त्यांना काय म्हणतात हे सांगितलेलं चालेल?"

अंबूबाईनं भरलेली कांडी खाली ठेवली. "त्येनं काय हुतंय? सांगा."

असा आमचा तो जगावेगळा वर्ग सुरू झाला. वर्षभरात एकही गोष्ट न ऐकता त्या बायका पात्र, स्थळ, काळ, संघर्ष, निवेदक असले शब्द शिकल्या. माझ्या शाळेतल्या मुलींना ते शब्द कडू औषधासारखे वाटायचे. इथं मात्र अंबूबाईनं ते पदरातच बांधून घेतले. पात्र म्हणजे नुसतं नाव नव्हे, त्याला काहीतरी हवं असतं, असं मी म्हटल्यावर तिनं गल्लीतल्या एकेकाला तपासायला घेतलं. "आमच्या सासूबाई पात्र हुत्या. त्यास्नी सदा कायतरी पायजेच हुतं. ह्ये सुबराव पात्र न्हवंत. ह्यास्नी कायच नगं असतंय." आतून सुबरावांचा माग क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

संघर्ष म्हणजे एकाला हवं असतं आणि काहीतरी आडवं येतं, हे तिला सांगावंच लागलं नाही. कोरं लुगडं पुरं व्हायच्या आत सूत संपलं, हा तिचा संघर्ष. पण तिला खरा लळा लागला तो निवेदक या शब्दाचा. गोष्ट आपोआप घडत नाही, ती कुणीतरी सांगत असतो, आणि तो सांगेल तेवढंच आपल्याला दिसतं, हे ऐकून तिचे हात रहाटावर थबकले.

"म्हंजे त्यो म्हणला ऊन पडलंय, तर ऊन?"

"ऊन."

"आन् त्येनं एखाद्याचं नावच न्हाय घेटलं तर?"

"तर तो माणूस त्या गोष्टीत नाही."

"लई मोठं काम हाय की वो हे," ती म्हणाली आणि बराच वेळ उन्हाकडं बघत बसली.

ती स्वतः किती मोठी निवेदक होती ते मला हळूहळू कळलं. वर्ग सुटल्यावर बायका पाट्या आवरत असताना ती अगदी सहज, बाजारभाव सांगावा तशी, गुंडूची खबर सांगायची. तो कुठवर आला ते तिला दुपारच्या डुलकीत दिसायचं. कधी तो वाळूतून चालत असे, खेचराचा कासरा हातात धरून. कधी समुद्राच्या कडेनं. मी तिथं जायला लागले तेव्हा तो आपल्या मुलखात पोचला होता. "काल उचगावात आलता. देवळाच्या पायरीवर पाणी प्याला. मग पुन्यांदा उलटाच गेला बगा." कधी काकतीच्या बाजूला डोंगराखाली दिसायचा. तिथं मालूचं सासर, तिचं घर त्याला चार हातांवर, पण तो तिच्या दारावरून पुढं निघून जायचा. बायका ऐकताना हुंकार द्यायच्या. मीसुद्धा देऊ लागले होते, हे आता लिहिताना माझं मलाच नवल वाटतं. त्या पडवीत, त्या ठेक्यावर, तो माणूस मला दिसायचा: डोक्याला मुंडासं, पायांत धूळ, प्रत्येक फाट्यावर थांबून चुकीच्या बाजूला वळणारा. मन कसं भरून यायचं. वाटायचं, अरे, उजवीकडं वळ ना रं बाबा!

जयाबाई हे सगळं खाली मान घालून ऐकत असे.

मग सिद्रामची गोष्ट निघाली. सिद्राम शहापूरचा विणकर, बायको बाळंतपणात गेलेली. तो रंगवलेलं सूत घेऊन सुबरावांकडं यायचा. तसा दिसायला काही खास नाही, बोलायला तर अगदीच कमी. पण जयाबाईनं आणून दिलेला पाण्याचा तांब्या तो दोन्ही हातांनी घ्यायचा, हे मी पाहिलं होतं. त्यानं सुबरावांच्या कानावर घातलं, जयाबाईशी पाट लावायची माझी तयारी आहे. त्यांच्या समाजात विधवेचं दुसरं लग्न, म्हणजे पाट, लागतो, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. अडचण एवढीच की जयाबाई विधवा नव्हती. पंचांनी निरोप दिला: गुंडूचं जवळचं माणूस म्हणजे त्याची बहीण. तिनं पंचांसमोर 'भाऊ गेला' असं म्हटलं, तर जया मोकळी.

अंबूबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गुंडू वाट चुकलाय. चुकलेल्याच्या बायकूचा पाट लावत्यात व्हय? उद्या त्यो दारात आला तर मी काय दावू?"

सुबराव गप्प बसले. ते पात्रच नव्हते. सिद्राम सूत देऊन गेला आणि पुढच्या खेपेला पाणी न पिता गेला.

एके दिवशी जयाबाई मला आडावर भेटली. कळशी भरून झाली तरी उचलेना. मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

"मला कोण इचारतंय बाई." मग हळूच म्हणाली, "मी कुक्कू लावतो न्हवं रोज, ते कुणाच्या नावानं लावतो हेच कळंना. त्यांचं तोंड आटवाय गेलं की येतच न्हाय. वन्संना दिसत्यात. मला न्हाय दिसत." तिनं कळशी उचलली. "सिद्राम दिसतो," एवढं म्हणून ती गेली.

याच्यात मी पडायचं नाही, असं मी घरी जाताना ठरवलं. मास्तरणीनं लोकांच्या घरात नाक खुपसू नये, हे मला पुष्कळ जणांनी शिकवलं होतं.

पुढचा धडा कथानकाचा होता. तो मी मुद्दाम काढला नाही, क्रमानंच आला. मी सांगितलं की एकापुढं एक घडलेल्या गोष्टींची नुसती रांग लावली म्हणजे कथानक होत नाही. मागाचा धोटा तुटला, नंतर वळीव आला, ही रांग. धोटा तुटला, त्यामुळं माग थांबला, त्यामुळं लुगडं वेळेवर गेलं नाही, हे कथानक. नंतर घडणं वेगळं आणि त्यामुळं घडणं वेगळं. बायकांनी माना डोलावल्या. एकीनं तर उदाहरण दिलं: मांजर आडवं गेलं, नंतर माझी कळशी फुटली, पण कळशी फुटली ती दोर कुजका होता म्हणून. सगळ्या हसल्या. मी खूश झाले.

अंबूबाई हसली नव्हती. तिचा रहाट थांबला होता.

"बाई," ती म्हणाली, "मी दिवसा गोष्ट सांगितली आन् गुंडू आला न्हाय. हे नंतर, का त्यामुळं?"

आतला माग बंद पडला होता, म्हणजे सुबराव ऐकत होते. जयाबाई खांबाला धरून उभी होती. मला दुसरं काही सुचलं असतं तर बरं झालं असतं, असं नंतर मला दोघी-तिघींनी सांगितलं. मला दुसरं काही सुचायला नकोच होतं. विचारणाऱ्या माणसाला खरं उत्तर द्यावं, एवढंच मला कळत होतं.

"नंतर," मी म्हटलं. "नुसतं नंतर, अंबूबाई. त्यामुळं नाही."

ती उठून आत गेली.

त्यानंतर वर्ग भरत राहिला, तिच्याच पडवीत. तिनं आम्हाला जा म्हटलं नाही, पण ती बाहेर यायची नाही. आतून तिच्या रहाटाची घरघर तेवढी ऐकू यायची. चार-पाच दिवस मी सहन केलं. मग एकदा बायकांना गिरवायला देऊन मी सरळ आत गेले. माझ्या डोक्यात थोडा राग होता आणि पुष्कळशी काळजी.

ती भिंतीकडं तोंड करून कांड्या भरत होती. "आता त्यो दिसंना झालाय," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "डोळं मिटलं की नुसता रस्ता दिसतोय. रिकामा. इतकी वर्सं माझ्यापायी चुकलाय म्हणून तरी माझ्याजवळ ऱ्हायला. चुकलेला माणूस कवातरी येतोय. तुमी त्येला मारलासा, बाई."

मला रडू आलं आणि रडू आलं की माझी जीभ तिखट होते. मी म्हटलं, "तुम्ही निवेदक ना? दहा वर्षं सांगताय. गुंडू उचगावात गेला, गुंडू काकतीला गेला, गुंडू पाणी प्याला. या गोष्टीत जया कुठं आहे?"

"ती घरात हाय की."

"घरात काय करते?"

"कांड्या भरती."

"आणि?"

रहाट फिरत राहिला.

"तिला काय हवं आहे, अंबूबाई? पात्राला काहीतरी हवं असतं."

तिनं दुसरी कांडी रहाटाला लावली. मी बाहेर आले. वर्ग कसा संपवला ते आठवत नाही.

दोन दिवसांनी मी शाळेतून निघते तर फाटकाशी अंबूबाई उभी. अंगावर धुतलेलं लुगडं. "पिरनवाडीला चला माझ्यासंगट," म्हणाली. का ते सांगेना. चालता चालता एवढंच म्हणाली, की शेवटचा तो तिथं दिसला होता, रस्त्याकडेच्या आंब्याखाली, आणि तिला तिथं जाऊन बसायचं होतं.

आम्ही त्या आंब्याखाली बसलो. ती दुपार मला अजून स्वप्नासारखी आठवते. रस्ता पांढराशुभ्र तापलेला, लांबवर उन्हाच्या लाटा, आणि त्या लाटांतून गाड्या आधी तरंगत यायच्या, मग जमिनीवर उतरायच्या. गाडीवान झोपलेले, बैल आपल्या मनानं चाललेले. घुंगरं जवळ यायची, लांब जायची. अंबूबाई प्रत्येकाच्या तोंडाकडं बघायची. मी मध्येच डोळे मिटले असतील, कारण उघडले तेव्हा खानापूरच्या बाजूनं एक माणूस पायी येत होता. डोक्याला मुंडासं, खांद्यावर गाठोडं, पायांत धूळ. अंबूबाई उठून उभी राहिली होती.

तो जवळ आला. कुणी दुसराच होता, चाळिशी उलटलेला, तोंडावर देवीचे वण. आमच्यापुढं थांबून त्यानं मुंडाशानं घाम पुसला.

"आक्का, उचगावची वाट हीच काय वो? एका गाडीवाल्यानं भलत्याच फाट्यावर उतरवलं मला. सकाळधरनं इचारत इचारत फिरतोय."

अंबूबाई त्याच्याकडं नुसती बघत राहिली. मग तिनं त्याला नीट वाट सांगितली. असंच सरळ बेळगावात जा, तिथं कुणालाही उचगावची गाडी विचार, दिवस मावळायच्या आत पोचशील. त्यानं हात जोडले आणि गेला. तो उन्हात दिसेनासा होईपर्यंत ती उभी होती.

"बगिटलासा?" ती म्हणाली. "चुकलेला माणूस वाट इचारतोय."

"गुंडू काय मुका न्हवता, बाई. लई बोलका हुता. ह्या मुलखात आला असता तर पयल्याच माणसाला इचारला असता, आमच्या आक्काचं घर कुठं म्हणून. दहा वर्सांत त्येनं कुणालाच इचारलं न्हाय." तिनं पदर तोंडाशी धरला. "त्यो तिकडंच ऱ्हायला. त्या नदीवर."

ती रडली नाही. आम्ही उठून परत आलो, आणि वाटभर ती मला गुंडूच्या लहानपणाच्या खोड्या सांगत होती. पहिल्यांदाच ती त्याच्याबद्दल "हुता" म्हणत होती.

पुढच्या सोमवारी पंच देवळाच्या कट्ट्यावर बसले. मीही गेले, मागं बायकांत उभी राहिले. सुबराव एका बाजूला, सिद्राम दुसऱ्या बाजूला, दोघेही जमिनीकडं बघत. पंचांतल्या म्हाताऱ्यानं आधी कानडीत आणि मग मराठीत विचारलं, "अंबूबाई, तुझा भाऊ हाय का गेला?"

तिनं तोंड उघडलं आणि शब्द येईना. पुन्हा प्रयत्न केला. मला वाटलं, आता ही मागं फिरणार. जयाबाईनं डोळे मिटून घेतले होते.

"माझ्या मालूला मामा न्हाय," अंबूबाई म्हणाली.

तेवढंच. पंचांना ते पुरलं.

त्या दिवशी तिनं भावाच्या नावानं सुतकाची अंघोळ केली, इतक्या वर्षांनी. जयाबाईनं कुंकू पुसलं आणि ठरलेले दिवस सुतक पाळलं. गल्लीतल्या बायका येऊन रीतसर रडून गेल्या. अंबूबाई त्यांना चहा-पाणी देत होती, कुणाची कांडी कुठं पडली ते बघत होती. मला तिचा जरा रागच आला. इतकं कोरडं कसं राहता येतं माणसाला?

सुतक फिटलं, पाट लागला. दुपार होती, वर्गाचीच वेळ, पण त्या दिवशी पाट्या कुणी आणल्या नव्हत्या. सिद्राम बाहेर गाडीशी उभा होता. जयाबाई नवं लुगडं नेसून उंबऱ्यात आली. ते लुगडं सुबरावांनी विणलेलं, हिरवं, लाल काठाचं. बोलता येत नाही असल्या माणसाला जे करता येतं ते त्यांनी केलं होतं. ती वाकून अंबूबाईच्या पाया पडली.

"येतो, वन्सं."

अंबूबाईनं तिला खांद्याला धरून उठवलं. "वन्सं न्हाय आता. ते तुझ्या नवऱ्याच्या भणीला म्हणायचं. मी तुझी कोण?"

जयाबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. जगात अंबूबाईला वन्सं म्हणणारी ती एकटीच होती. गुंडूचं म्हणून या घरात जे काही उरलं होतं ते त्या एका हाकेत होतं, आणि अंबूबाई ते स्वतःच्या हातानं सोडत होती.

"आक्का म्हण," ती म्हणाली. "म्हण की. म्हण आन् जा, गाडी थांबलीया."

जयाबाईनं तिचे दोन्ही हात धरले. "येतो, आक्का."

गाडी गल्लीच्या टोकाला वळली. अंबूबाई आत गेली, रहाटाशी बसली, आणि मग तिनं गुंडूच्या नावानं हंबरडा फोडला. तोंडात पदर कोंबूनही तो आवरेना. सुबराव मागावरून उठून तिच्याजवळ येऊन बसले. आम्ही बायका पडवीतच बसून राहिलो. तिला मोकळं रडू द्यायचं, असं कुणी न सांगताच सगळ्यांना कळलं होतं. बऱ्याच वेळानं आतला रहाट पुन्हा फिरू लागला, आणि आम्ही एकेक करून घरी गेलो.